मधातला मुळा

चौथीत होतो. होक्काइडोचा किनारा, हिवाळा,
समुद्रसुद्धा कडेकडेने गोठलेला.
दुसऱ्या तासाला बाई म्हणाल्या,
मुलींनी सभागृहात जा, मुलांनी फावडी घ्या.
आम्ही तेवीस जण पायरीपासून फाटकापर्यंत
बर्फ उपसत राहिलो
आणि सभागृहाच्या खिडक्यांवर काळे पडदे.
आतून नुसती यंत्राची घरघर,
चित्र बदललं की एक टिंग.
ईसाकू माझ्या खांद्यावर चढला, फट शोधली.
"काय दिसतंय?"
"काही नाही. फूल. फुलाचं चित्र."
मग तास संपेपर्यंत आम्ही फुलाबद्दलच बोललो.

मुली बाहेर आल्या. प्रत्येकीच्या हातात पातळशी पुस्तिका,
नाव आत, कोरी बाजू बाहेर.
कालपर्यंत मला बर्फात ढकलणारी हात्सुए
शेजारून गेली
परगावची पाहुणी जावी तशी.

पुढच्या वर्षी आईने लाल चवळी घालून भात शिजवला.
"आज कुणाचा वाढदिवस?"
वडिलांनी रेडिओ मोठा केला.
ताई वाडग्यात बघत बसली.
मी दोनदा मागून घेतला.

तेराव्या वर्षी माझा आवाज फुटला.
आई म्हणाली, सर्दी.
मधात बुडवलेल्या मुळ्याचा रस, सकाळ-संध्याकाळ, महिनाभर.
मुळा तरी काय करणार बिचारा.
मी बोलणंच सोडलं, हजेरीला नुसता हात वर.
वाटायचं, गळ्यात काहीतरी सडतंय,
आणि हे जिथे विचारता आलं असतं
त्या खोलीत आम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं.

पुढे त्याच शाळेत शिपाई झालो.
काळे पडदे टांगायचं काम माझं,
डांबराच्या गोळ्यांचा वास हाताला दोन दिवस.
यंत्र गेलं, टीव्ही आला.
फूल गेलं, रेघांची मुलगी आली,
तिला चेहरा नव्हता.
मग आरोग्यखोलीतल्या कुनिएदा बाईंनी
रात्री जागून कापडी बाहुल्या शिवल्या:
आई, बाप, पोटातलं बाळ, बटणाने अडकवलेली नाळ.
म्हणाल्या, यंदा पडदे नकोत.
मुलंही आत.

दोन वर्षं चाललं. मग वरून पत्र आलं.
बाहुल्या खोक्यात, खोका अडगळीत, किल्ली माझ्याकडे.
"कसर लागू देऊ नका हं," एवढंच म्हणाल्या बाई.
दर उन्हाळ्यात, सुट्टीत, शाळा रिकामी असताना
मी त्यांना गच्चीवर ऊन दाखवलं. सोळा वर्षं.
पडदेही टांगले, नोकरीच ती,
पण एक कडी मुद्दाम सोडून.

आता वर्गात सगळी मिळून अकरा मुलं.
वेगळं कुणाला काढणार,
आणि काढून बर्फ तरी किती उपसणार?
नव्या बाई सत्तावीस वर्षांच्या. टेबलावर बाहुल्या,
बाळाची नाळ मीच पुन्हा शिवली आहे.
एका मुलाने पॅडवर निळं पाणी ओतलं,
एका मुलीने मोजलं, "सहा चमचे!"
कुणीतरी फिदीफिदी हसलं,
कुणी साथ दिली नाही, तेव्हा थांबलं.
मागे मी रेडिएटरचा व्हॉल्व्ह बसवत होतो.
इबुकीने हात वर केला,
"आवाज फुटतो तेव्हा दुखतं का?"
बाईंनी पुस्तकात पाहिलं, मग माझ्याकडे.
व्हॉल्व्ह केव्हाच बसला होता.
तरी पाना फिरवत राहिलो.
"गळा नाही दुखत," मी म्हणालो,
"आणि त्यावर मुळा खाऊ नका."
सगळे हसले.
बाईंनी फळ्यावर लिहिलं: मुळा.

संध्याकाळी ताईला फोन केला. सगळं सांगितलं.
पलीकडे बराच वेळ किटलीची शिटी,
मग ती बंद झाली.
"तो भात मला गिळवत नव्हता," ताई म्हणाली,
"आणि तू दोनदा घेतलास."